लॉगिन कुणाकुणाकडे आहे?

कन्नडमध्ये एखाद्या ऑनलाइन सेंटरवर फॉर्म भरायला गेलात, की समोरच्या डेस्कटॉपकडे एकदा नीट बघा. आधी येऊन गेलेल्यांचं आधार, मार्कशीट, जातीचा दाखला, सही... सगळं तिथंच पडलेलं असू शकतं. कुणीही उघडावं, कुणीही कॉपी करावं. आपण पैसे देऊन निघतो, फाइल मात्र मागेच राहते.

खरं तर फाइल कुणी बघायची आणि कुणी बदलायची, हे ठरवायची सोय कॉम्प्युटरमध्ये फार जुनी. लिनक्समध्ये हिशोब तिघांचा : मालक, त्याचा गट आणि बाकीचे. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १, बेरीज करा. ६४० म्हणजे मालक वाचेल-लिहील, गट नुसता वाचेल, बाकीच्यांना दार बंद. आणि ७७७ म्हणजे गावजेवण! ‘एरर जात नाही ना? ७७७ टाक’ असं सांगणारा एक मित्र प्रत्येक लॅबमध्ये असतोच. त्याचं ऐकू नका.

हाच हिशोब तुमच्या सातबाऱ्यालाही लागू आहे. ई-फेरफारमध्ये नोंद घेतो तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), पण ती प्रमाणित करतो मंडळ अधिकारी. दोन्ही किल्ल्या एका खिशात नाहीत. मात्र लॉगिन ज्याचं त्याच्याकडेच राहिलं, तरच याला अर्थ.

नाही राहिलं तर? शिक्षकांचे पगार ज्या शालार्थ प्रणालीतून निघतात, तिच्यात बोगस आयडी तयार झाल्याचं प्रकरण २०२५ मध्ये नागपूर विभागात गाजलं. अधिकाऱ्यांच्या लॉगिनचा गैरवापर झाल्याचं तपासात पुढे आलं. टीईटी पास होऊन वर्षानुवर्षं भरतीची वाट बघणाऱ्यांना हे वाचून काय वाटलं असेल, ते डी.एड., बी.एड. केलेल्या तुमच्या ताईला विचारा.

आता स्वतःचं ड्राइव्ह उघडा. प्रोजेक्टच्या फोल्डरला ‘एनीवन विथ द लिंक’ आणि पुढे ‘एडिटर’ आहे? ‘व्ह्यूअर’ करा. जुन्या ग्रुपमधल्यांची नावं काढा. घरच्या कॉम्प्युटरवर धाकट्या भावाला वेगळं, साधं अकाउंट द्या. अ‍ॅडमिनचा पासवर्ड नको.

आणि सेंटरवरून उठण्याआधी मेल लॉगआउट करा, डाउनलोड्समधली आपली फाइल काढायला लावा, मग रिसायकल बिनही रिकामं करायला सांगा. मागे रांग असेल, सेंटरवाले दादा वैतागतील. वैतागू देत.