लिनक्स बसविताना डिस्कच्या विभागांस लेबल देणे

शाळेतील जुन्या संगणकावर लिनक्स प्रणाली नव्याने बसविण्याचा प्रसंग शिक्षकांवर कधी ना कधी येतो. या कामी मोठी हानी संभवते ती एकाच ठिकाणी. रिकामा समजून भलताच विभाग पुसला जातो आणि निकालपत्रके, हजेरीचे तक्ते व मुलांचे लेखन नाहीसे होते. हे टाळण्यासाठी प्रत्येक विभागास आधीच लेबल देऊन ठेवणे अगत्याचे आहे.

हार्ड डिस्कचे जे भाग पाडतात त्यांस विभाग अथवा पार्टिशन म्हणतात. लिनक्स त्यांस 'एसडीए१', 'एसडीबी१' अशी नावे आपण होऊन देते. तथापि ही नावे बाकाच्या क्रमांकासारखी होत. दुसरी डिस्क अथवा पेनड्राइव्ह जोडला असता ती पालटू शकतात. लेबल हे मुलाच्या हजेरीपटावरील नावासारखे होय. ते विभागातच लिहिलेले असल्यामुळे डिस्क कोठेही जोडली तरी कायम राहते.

याचे प्रत्यंतर २००७ साली आले. त्या वर्षीच्या फेडोरा ७ या आवृत्तीत जुन्या पद्धतीच्या डिस्कांचे 'एचडीए' हे नाव 'एसडीए' असे झाले. कोणता विभाग कोठे जोडावा हे सांगणाऱ्या 'एफएसटॅब' या फाइलीत ज्यांनी जुने नाव लिहिले होते, त्यांस ते बदलणे भाग पडले. लेबल लिहिणाऱ्यांस त्या ओळी बदलाव्या लागल्या नाहीत.

काम पुढील क्रमाने करावे :

१. उपयुक्त फाइलींची प्रत प्रथम दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. लेबल हा प्रतीचा पर्याय नव्हे.

२. 'एलएसबीएलके' ही आज्ञा विभागांचे आकार दाखविते. तिला '-एफ' जोडले असता प्रकार व लेबल दिसते. ही माहिती कागदावर उतरून घ्यावी.

३. लेबल नसल्यास द्यावे. एक्स्ट४ प्रकारासाठी 'ई२लेबल' व फॅट प्रकारासाठी 'फॅटलेबल' ही आज्ञा आहे. एक्स्ट४ मध्ये १६ बाइट व फॅटमध्ये ११ अक्षरे मावतात. देवनागरीतील प्रत्येक वर्ण, काना वा वेलांटी ३ बाइट घेते. म्हणून 'दप्तर' १५ बाइटांत बसते, 'विद्यार्थी' बसत नाही. तेच नाव रोमन लिपीत ९ अक्षरांत लिहिता येते. यास्तव रोमन लिपी सोयीची.

४. दोन विभागांस एकच लेबल कदापि देऊ नये.

५. लाइव्ह पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केल्यास वरील आज्ञा पुन्हा देऊन लेबलावरून विभाग ओळखावा. मग विभागणी स्वहस्ते करण्याचा पर्याय निवडून, मुलांच्या कामाचा विभाग फॉरमॅट करण्यास सांगितलेला नाही, याची खात्री करावी. बदल डिस्कवर लिहू का, असा प्रश्न आला असता कागदाशी ताडून मगच होकार द्यावा.

६. फॉरमॅट केल्याने जुने लेबल पुसले जाते. त्या विभागास तेच लेबल पुन्हा दिल्यास लेबलावर आधारलेली 'एफएसटॅब'मधील ओळ बदलावी लागत नाही.

शेवटी तो कागद संगणकाच्या नोंदवहीत चिकटवावा, म्हणजे पुढे येणाऱ्या शिक्षकासही तो उपयोगी पडेल.