सांधा दिसू नये म्हणून
प्रतिकृती जोडताना फट कशी भरावी, कशाने भरावी आणि जादा भाग कसा काढावा

मोठ्या वास्तूची लहान प्रतिकृती ही आपल्या समाजाला नवी गोष्ट नाही. चातुर्मासात अनेक गावांमधून शत्रुंजय, सम्मेदशिखर किंवा समवसरण यांच्या रचना मांडल्या जातात आणि पाठशाळेतील मुलेच त्यात पुढाकार घेतात. अजमेर येथील 'सोनीजी की नसियाँ' या जिनालयातील अयोध्यानगरीची सुवर्णमंडित रचना तर एकोणिसाव्या शतकापासून यात्रेकरूंच्या कुतूहलाचा विषय आहे. अलीकडे या परंपरेला आणखी एक शाखा फुटली आहे. घरोघरची मुले सुट्टीत विमान, जहाज, आगगाडी, किल्ला किंवा मंदिर यांच्या सुट्या भागांचे संच आणतात आणि ते जोडून प्रतिकृती उभी करतात.

जोडणी दोन-तीन दिवसांत होते, रंगही दिला जातो. आणि नेमक्या त्याच वेळी दोन भागांमधली रेष ठळक उठून दिसते. मूल हिरमुसते, प्रतिकृती कपाटाच्या वरच्या फळीवर जाते आणि छंद तेथेच थांबतो. वस्तुतः दोष मुलाच्या हाताचा नसतो. फट भरणे आणि कडा स्वच्छ करणे हे स्वतंत्र काम आहे, एवढेच त्याला कोणी सांगितलेले नसते.

अर्ध्या मिलिमीटरचा हिशेब

व्यापारी कुटुंबांना हिशेबाची भाषा लवकर समजते, म्हणून तिनेच सुरुवात करू. एखाद्या मंदिराची प्रतिकृती शंभरास एक या प्रमाणात केली, तर तीस मीटर उंचीचे शिखर तीस सेंटिमीटरचे होते. त्याच हिशेबाने प्रतिकृतीतील अर्ध्या मिलिमीटरची फट मूळ वास्तूत पाच सेंटिमीटरची ठरते. विमानांचे पुष्कळ संच बहात्तरास एक या प्रमाणात असतात; तेथे अर्धा मिलिमीटर म्हणजे छत्तीस मिलिमीटर. कोणताही सोमपुरा शिखरात पाच सेंटिमीटरची भेग सोडणार नाही. आपल्या बोटाला जेमतेम जाणवणारी फट डोळ्याला का खुपते, याचे उत्तर या प्रमाणात आहे. डोळा वस्तूकडे तिच्या खऱ्या आकाराच्या कल्पनेने पाहतो आणि भेगही त्याच मापाने मोजतो.

नंदुरबारची जुनी शाळा

नंदुरबारच्या वाचकांना हे काम पाहण्यासाठी लांब जावे लागत नाही. येथील गणेशमूर्तींच्या कारखान्यांतून गुजरात आणि मध्य प्रदेशातही मूर्ती जातात. साच्यातून बाहेर आलेल्या मूर्तीच्या कडेने साच्याच्या दोन भागांची शिवण उमटलेली असते. हात, सोंड, आयुधे वेगळी ओतून जोडली असतील तर त्या जागी सांधे असतात. हवेचे बुडबुडे राहिले असतील तेथे बारीक खळगे पडलेले असतात. कारागीर प्रथम ती शिवण धारदार पात्याने खरवडतो, मग खळग्यांत आणि सांध्यांत पातळ कालवलेले प्लास्टर भरतो, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासतो आणि त्यानंतरच रंगाला हात लावतो.

आधी खरवडणे, मग भरणे, मग घासणे आणि शेवटी रंग, हा क्रम मूर्ती पाच फुटांची असो वा विमान पाच इंचांचे असो, बदलत नाही. प्लास्टिकचा संचही साच्यातच तयार होतो, त्यामुळे त्याच्या प्रत्येक भागावर तशीच शिवण असते. फक्त ती केसाइतकी बारीक असते.

भरण्यापूर्वीची तयारी

निम्म्या फटी निष्काळजी कापणीतून जन्मतात. संचातील भाग एका चौकटीला बारीक देठांनी जोडलेले असतात. ते हाताने पिळून तोडले की भागाचा लचका निघतो किंवा टोक शिल्लक राहते. बारीक तोंडाच्या कटर पक्कडीने देठ भागापासून किंचित दूर कापावा आणि उरलेला अंश सपाट बारीक कानशीने काढावा. साच्याची शिवण कटरच्या पात्याने कापू नये. पाते उभे धरून हलकेच ओढावे, म्हणजे ती खरवडून निघते. कटरचे काम मोठ्या माणसाने जवळ बसूनच करू द्यावे.

यानंतर भाग साबणाच्या कोमट पाण्यात धुवावेत, कारण साच्याचा तेलकट अंश राहिला तर गोंद आणि रंग दोन्ही नीट धरत नाहीत. मग गोंद न लावता दोन्ही भाग एकमेकांवर बसवून उजेडासमोर धरावेत. फटीतून उजेड कोठे दिसतो ते पाहावे आणि अडथळा करणारा उंचवटा कानशीने घासावा. जी फट घासून मिटते ती भरण्याची गरज उरत नाही. कमीत कमी भरावे लागणे हीच उत्तम जोडणी होय.

कोणत्या फटीला काय?

भरण्याचा पदार्थ वस्तूच्या जातीप्रमाणे निवडावा. लाकडी प्रतिकृतीसाठी त्याच लाकडाचा बारीक भुसा पांढऱ्या गोंदात कालवून भरला तर रंगसंगती पुष्कळशी जुळते. पुठ्ठा आणि थर्मोकोल यांना पांढरा गोंदच योग्य. थर्मोकोलवर प्लास्टिक विरघळवणारा सिमेंट लावल्यास तो वितळून मोठाच खड्डा पडतो. प्लास्टिकच्या संचासाठी मात्र तोच सिमेंट उपयोगी. तो दोन्ही कडा किंचित विरघळवून एकजीव करतो. भाग हलकेच दाबल्यावर सांध्यातून मऊ प्लास्टिकची बारीक कड वर येते. ती पूर्ण कडक झाल्यावर घासली की बारीक फट आपोआप मिटलेली असते.

याहून मोठ्या फटीसाठी नळीत मिळणारी तयार लांबी, अर्थात पुट्टी, वापरतात. तिच्यातील द्रावक उडून गेल्यावर ती आकसते. नंदुरबारच्या मिरची व्यापाऱ्याला हा गुणधर्म वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. पथारीवरचा थर जाड झाला तर वरची मिरची वाळलेली दिसते आणि खालची ओली राहते. लांबीचेही तसेच आहे. जाड थर वरून कडक होतो, आत कच्चा राहतो आणि काही दिवसांनी रंगासकट खाली बसतो. म्हणून पातळ थर द्यावा, पूर्ण वाळू द्यावा, मग दुसरा द्यावा.

खोल खड्डा किंवा तुटलेला कोपरा असेल तर एम-सीलसारखी दोन भागांची इपॉक्सी लांबी अधिक चांगली. ती द्रावक उडून नव्हे तर रासायनिक क्रियेने कडक होते, त्यामुळे जवळजवळ आकसत नाही. दोन्ही भाग समप्रमाणात घेऊन एकच रंग येईपर्यंत मळावेत. रेघा राहिल्या तर तेवढी जागा मऊच राहते. भरल्यावर पाण्यात बुडवलेल्या बोथट काडीने ती गुळगुळीत करता येते, म्हणजे पुढचे घासणे निम्म्याने वाचते. घासण्यापूर्वी ती रात्रभर तशीच ठेवावी.

झटपट चिकटणारा गोंद आणि खाण्याचा सोडा यांचा उपायही अनेकांना ठाऊक असतो. फटीत सोडा भरून वर गोंदाचा थेंब टाकला की तो क्षणात दगडासारखा होतो. या गोंदाचा मूळ पदार्थ, सायनोअॅक्रिलेट, 1942 साली अमेरिकेत ईस्टमन कोडॅक कंपनीतील हॅरी कूव्हर यांच्या हाती प्रथम लागला आणि फार चिकटतो म्हणून बाजूला टाकला गेला. 1958 मध्ये तो बाजारात आला. मात्र सोड्यासह तो प्लास्टिकपेक्षा कठीण होतो. घासताना शेजारचे मऊ प्लास्टिक आधी झिजते आणि सांध्यावर उंचवटा राहतो. म्हणून त्याचा उपयोग जेथे घासण्यास वाव आहे अशा छोट्या जागीच करावा.

'हे कशाचे?' हा प्रश्न

आपल्या घरात अन्नाच्या बाबतीत 'यात काय आहे?' हा प्रश्न सहज विचारला जातो. छंदाच्या पेटीबाबत तो क्वचितच विचारला जातो. पण तो तेथेही तितकाच आवश्यक आहे.

पूर्वी सुतारकामात सांधे जोडण्यासाठी सरस वापरीत. जनावरांची कातडी आणि हाडे उकळून तो काढला जाई आणि वापरण्यापूर्वी प्रत्येक वेळी तापवावा लागे. गुजरातमधील महुवा येथील जैन कुटुंबात 1925 साली जन्मलेले बळवंतराय पारेख मुंबईत एका लाकूड व्यापाऱ्याकडे शिपायाची नोकरी करीत होते. 1959 साली त्यांनी फेविकॉल हा कृत्रिम राळेचा पांढरा गोंद बाजारात आणला. तापवण्याची कटकट नाही, दुर्गंधी नाही, यामुळे सुतारांनी तो स्वीकारला आणि सरस हळूहळू मागे पडला. त्यामागे व्यापारी दृष्टी होती, सुताराच्या सोयीचा विचार होता. पण त्यामुळे असंख्य घरांतील लाकूडकामातून प्राणिज पदार्थ निघून गेला, हेही तितकेच खरे. चांगला पर्याय हाताशी आला की आचार सोपा होतो, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

आजही काही वस्तूंबाबत सावध राहावे लागते. लाखेपासून केलेल्या भरणीत आणि पॉलिशमध्ये कीटकांचा स्राव असतो. काही मेणमिश्रित भरणींत मधमाश्यांचे मेण असते. धूळ झटकण्याचे आणि रंगाचे कित्येक ब्रश डुकराच्या केसांचे असतात. मुंगसाच्या केसांचे ब्रश तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार बेकायदेशीर आहेत. त्यांच्यासाठी मुंगसे मारली जातात. इपॉक्सी लांबी, पांढरा कृत्रिम गोंद, प्लास्टिकचा सिमेंट आणि नायलॉनचे ब्रश एवढ्या सामग्रीत मुलाचे सारे काम उत्तम होते. आपल्यापैकी अनेकांची हार्डवेअरची, रंगाची, स्टेशनरीची दुकाने आहेत. ब्रश कशाच्या केसांचा आहे हे घाऊक विक्रेत्याला विचारून माल भरणे आपल्याच हाती आहे. गिऱ्हाइकानेही असे प्रश्न विचारावेत. मागणी बदलली की माल बदलतो.

जादा भाग काढताना

भरणी कडक झाल्यावर घासण्याचे काम येते. पॉलिश पेपरवरील अंक जितका लहान तितका तो खरखरीत. 220 किंवा 320 ने उंचवटा उतरवावा, 400 आणि 600 ने ओरखडे काढावेत, 1000 ने शेवटचा हात फिरवावा. कागद बोटावर गुंडाळून घासल्यास मध्ये खोलगट होते. म्हणून तो आइस्क्रीमच्या काडीवर किंवा लाकडी ठोकळ्यावर चिकटवावा. पाण्यात चालणारा पेपर घेऊन ओले घासले तर धूळ उडत नाही आणि कागदही लवकर भरत नाही. लाकूड व पुठ्ठा मात्र कोरडेच घासावे. खाचांतील भुगा जुन्या नायलॉन दातब्रशाने काढावा.

मग परीक्षा. डोळे मिटून सांध्यावर नख फिरवावे. नख अडखळले तर काम बाकी आहे. नंतर अंधाऱ्या खोलीत विजेरी बाजूने धरून पाहावे, म्हणजे प्रत्येक उंचवट्याची सावली पडते. शेवटी राखाडी अस्तराचा पातळ हात द्यावा. वेगवेगळ्या रंगांच्या प्लास्टिकवर आणि लांबीवर जे दिसत नाही ते एकरंगी राखाडीवर लगेच दिसते. दिसलेली उणीव पुन्हा भरावी, पुन्हा घासावी. कुशल कारागीरही हे दोन-तीनदा करतात.

जपणूक आधी

कच्ची इपॉक्सी त्वचेला वारंवार लागल्यास कायमची अॅलर्जी जडू शकते. म्हणून हातमोजे घालूनच मळावी. कोरडी धूळ श्वासात जाऊ नये यासाठी तोंडाला मास्क आणि खोलीला उघडी खिडकी हवी. झटपट गोंद सुती कपड्यावर सांडला तर कापूस एकदम तापतो आणि भाजू शकते, याची अनेकांना कल्पना नसते. तो हाताळताना सुती बाही आणि सुती बोळा दूर ठेवावा. बोटे चिकटल्यास ओढू नयेत, कोमट साबणाच्या पाण्यात धरावीत. डोळ्यात गेल्यास थेट डॉक्टरांकडे जावे. भुगा आणि उरलेली लांबी मोरीत सोडू नये. कागदात बांधून कचऱ्यात टाकावी. जयणा म्हणजे याहून वेगळे काय?

सुट्टीत पुण्यास जाणे झाले तर कोथरूड येथील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय मुलांना अवश्य दाखवावे. 1998 पासून तेथे एक संपूर्ण लहान नगर आपल्या गाड्यांसह चालते. मुंबईत भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जुन्या मुंबईतील व्यवसायांच्या आणि माणसांच्या लहान मातीच्या प्रतिकृती आहेत. परत आल्यावर विषय घरचाच घ्यावा: प्रकाशा येथील तापीकाठचे मंदिर, नंदुरबारचे रेल्वे स्थानक, किंवा 9 सप्टेंबर 1942 रोजी हौतात्म्य पत्करलेल्या शिरीषकुमार मेहता आणि त्यांच्या बालसाथींचे स्मारक. स्वतःच्या गावाची वास्तू मुलाने एकदा बोटांनी घडवली की तिच्याजवळून जाताना तो तिच्याकडे निराळ्या नजरेने पाहतो.

खर्च थोडा आहे. एक कानस, एक चिमटा, पॉलिश पेपरचे चार तुकडे आणि लांबीचे एक पाकीट एवढ्यावर सुरुवात होते. खरी गुंतवणूक थराथरांमध्ये थांबण्याची आहे. लांबी वाळेपर्यंत धीर धरणे ज्या मुलाला जमले, त्याला पुढे पुष्कळ काही जमेल.