गोपनीयता : ग्राहकाची न दिसणारी ठेव

दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. अधिकारी म्हणून मी नुकताच जबलपूरच्या शाखेत रुजू झालो होतो. या शहरात पिढ्यानपिढ्या स्थायिक झालेली मराठी कुटुंबे पुष्कळ. त्यांपैकीच एक सेवानिवृत्त शिक्षिका आमच्या जुन्या खातेदार होत्या. सारी शाखा त्यांना ‘बाई’ म्हणे. एके दिवशी त्यांच्या भाच्याचा दूरध्वनी आला, "मावशीची मुदत ठेव केव्हा पूर्ण होते हो?" आवाज ओळखीचा, बोलणे आर्जवी. मी तारीख सांगितली आणि बोलण्याच्या ओघात रक्कमही सांगून गेलो.

दोन आठवड्यांनी बाई माझ्या टेबलापाशी आल्या. "ही ठेव नातीच्या शिक्षणासाठी मी कुणाला न सांगता ठेवली होती. आता भाचा धंद्यासाठी पैसे मागतो आहे. नाही कसं म्हणू?" मुदतपूर्व मोडीच्या अर्जावर त्यांनी सही केली. व्याजाचे नुकसान मला मोजता आले. उरलेले कोणत्याच खतावणीत बसणारे नव्हते. मी क्षमा मागितली. त्या एवढेच म्हणाल्या, "तुम्ही चांगल्या मनानंच सांगितलंत. पण आधी मला विचारायला हवं होतं."

जुने बंधन

माझ्या चुकीला इतिहासात एक नामांकित जोडीदार आहे. इंग्लंडमधील एका बँक व्यवस्थापकाने खातेदाराच्या मालकाला दूरध्वनीवरून त्याच्या थकबाकीची आणि जुगाराशी संबंधित देण्याघेण्याची हकीगत सांगितली. खातेदाराची नोकरी गेली. टूर्निये खटला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात १९२४ साली तेथील न्यायालयाने ठरवून दिले, की ग्राहकाची माहिती गुप्त राखणे हे बँकेचे कर्तव्यच आहे. त्याला अपवाद चार : कायद्याची सक्ती, सार्वजनिक हिताची निकड, बँकेच्या स्वतःच्या हिताचे रक्षण आणि ग्राहकाची संमती. नात्यागोत्याचा अपवाद त्यांत नाही.

आपल्याकडे राष्ट्रीयीकृत बँकांच्या १९७० च्या अधिनियमातील कलम १३ याच कर्तव्याचा उच्चार करते. कामाचा स्वीकार करण्यापूर्वी प्रत्येक कर्मचारी निष्ठा व गोपनीयतेचे घोषणापत्र भरून देतो. मीही त्यावर सही केली होती. सही करणे सोपे असते. तिची आठवण दूरध्वनी वाजल्यावर व्हायला हवी.

जबलपूरचे नाव

खासगीपणाच्या हक्काच्या इतिहासात मध्य प्रदेशाला आणि विशेषतः जबलपूरला वेगळे स्थान आहे. पोलिसांची पाळत व घरभेटी यांविरुद्ध गोविंद नावाच्या नागरिकाने मध्य प्रदेश शासनाविरुद्ध दाद मागितली. तेथील पोलीस नियम सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली रद्द केले नाहीत. मात्र खासगीपणाच्या हक्काचा गांभीर्याने विचार केला. पुढच्याच वर्षी, २८ एप्रिल १९७६ रोजी, ‘अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर’ या खटल्याचा निकाल लागला. आणीबाणीत स्थानबद्ध झालेल्या नागरिकाला न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही, असे चार न्यायमूर्तींनी ठरवले. न्यायमूर्ती हंसराज खन्ना एकटे विरोधात उभे राहिले.

त्या बहुमतात न्यायमूर्ती यशवंत विष्णू चंद्रचूड होते. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने जाहीर केले. जबलपूर खटल्याचा निकाल चुकीचा ठरवून रद्द करणारे त्यातील निकालपत्र लिहिले होते त्यांच्याच सुपुत्राने, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी.

बँकेच्या दृष्टीने मात्र २००४ चा निकाल अधिक जवळचा. आंध्र प्रदेशाने मुद्रांक कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून अधिकाऱ्यांना कागदपत्रे तपासण्याचे व ताब्यात घेण्याचे व्यापक अधिकार दिले होते. बँकेच्या ताब्यातील कागदही त्यांतून सुटले नव्हते. कॅनरा बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरवली. खासगीपणा व्यक्तीचा असतो, जागेचा नव्हे. कागद बँकेकडे ठेवला म्हणून त्यावरचा ग्राहकाचा हक्क संपत नाही, हे त्या निकालाचे सार होय.

नवे हक्क

रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१४ मध्ये ग्राहक हक्कांची सनद जाहीर केली. तिच्या पाच हक्कांत खासगीपणाचा हक्क आहे. त्यापुढचे पाऊल म्हणजे वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण अधिनियम, २०२३. आपली कोणती माहिती वापरली जाते हे विचारणे, ती दुरुस्त करून घेणे, गरज संपल्यावर पुसायला सांगणे, तक्रार करणे आणि आपल्या पश्चात हे हक्क बजावण्यासाठी व्यक्ती नेमणे, असे अधिकार तो देतो. अर्थात, कायद्याने जपणे बंधनकारक असलेल्या नोंदी बँकेला पुसता येत नाहीत. संमती मागणारी सूचना आठव्या परिशिष्टातील भाषांतही मिळण्याची त्यात तरतूद असल्याने मराठी ग्राहक ती मराठीत मागू शकेल. संस्थेच्या गंभीर कसुरीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. हक्कांविषयीच्या मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी अमलात यावयाच्या आहेत.

तोवर ग्राहकबंधू-भगिनींनी काही पथ्ये अवश्य पाळावीत. ओळखपत्राच्या छायाप्रतीवर तारीख व कारण लिहून सही करावी. बिघडलेली प्रत झेरॉक्सच्या दुकानात सोडू नये. ओटीपी व पिन घरच्यांनाही सांगू नयेत. फसवणूक झाल्यास क्षणही न दवडता बँकेला आणि १९३० या क्रमांकावर कळवावे. कर्मचाऱ्याने माहिती देण्यास नकार दिला तर राग मानू नये. तो आपल्याच ठेवीची राखण करीत असतो.

बाईंची नात पुढे शिकली, हे त्यांनीच एकदा पासबुक भरून घेताना सांगितले. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी भाच्याचा पुन्हा दूरध्वनी आला. "क्षमा करा," मी म्हणालो, "मावशींनाच घेऊन या. चहा मी पाजतो."