खिडकी एक किलोबाइटची

आरतीसंग्रहाचं पुस्तक कधी नीट पाहिलंय? ध्रुवपद एकदाच पूर्ण छापलेलं असतं. पुढच्या प्रत्येक कडव्याखाली पहिले एक-दोन शब्द आणि '॥धृ॥', बस्स! छापणाऱ्याचा कागद वाचतो आणि म्हणणाऱ्याचं काही अडत नाही, कारण ध्रुवपद नुकतंच त्याच्या तोंडून गेलेलं असतं.

मित्रहो, झिप फाईल उघडताना संगणक हेच करतो. फाईलमध्ये दोनच प्रकारच्या गोष्टी असतात: एक तर सरळ अक्षर, नाहीतर 'इतके बाइट मागे जा आणि तिथून इतके बाइट पुन्हा लिही' असा निरोप. ही कल्पना अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव यांनी १९७७ साली मांडली, म्हणून तिचं नाव एलझेड-७७. झिप, जीझिप आणि पीएनजी चित्रं यांच्यात वापरली जाणारी डिफ्लेट पद्धत म्हणजे हीच कल्पना अधिक हफमन कोडिंग. मागे किती जाता येतं याला मर्यादा असते. तेवढाच शेवटचा मजकूर जवळ ठेवायचा, नवा आला की जुना सोडून द्यायचा. ही झाली सरकती खिडकी.

डिफ्लेटची खिडकी ३२,७६८ बाइटची असते. पीसीवर ती कुणाच्या खिजगणतीतही नाही. पण आमच्या गटाने प्रोजेक्टला घेतला होता कालव्याच्या आवर्तनाचा सूचनाफलक. प्रवरेच्या डाव्या-उजव्या कालव्याला पाणी कधी सुटणार, किती दिवस चालणार, हे मोबाईल मॉड्यूलवरून येणार आणि गावातल्या पाटीवर मराठीत दिसणार. चिप होती एटीमेगा-३२८, तिची रॅम सगळी मिळून २,०४८ बाइट! म्हणजे खिडकीच घराच्या सोळापट. मोठी चिप घ्यावी तर बजेट संपलेलं. म्हणून डिफ्लेट सोडलं आणि खिडकी १,०२४ बाइटची ठरवली. उरलेल्या रॅममध्ये स्टॅक आणि बाकीचा संसार.

खिडकी 'सरकवायची' म्हणजे प्रत्येक बाइटला अख्खा ॲरे एक घर ढकलायचा नाही हं! ॲरे जागेवरच राहतो, लिहिण्याची जागा गोल फिरते. १,०२४ वं घर संपलं की पुन्हा शून्यावर. आकार दोनच्या घातात असला की भागाकारही नको, जागेच्या आकड्याला १,०२३ शी बिटवाइज अँड केलं की झालं. मागे जातानाही तेच: जागा वजा अंतर, त्याला अँड. आकडे अनसाइन्ड ठेवा, म्हणजे शून्याच्या मागे गेलात तरी बरोबर शेवटच्या घरांत उतरता.

आता खरी गंमत. 'विठ्ठल विठ्ठल विठ्ठल' घ्या. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. विठ्ठल म्हणजे ६ चिन्हं (व, वेलांटी, ठ, हलन्त, ठ, ल), १८ बाइट, आणि एक स्पेस. पहिले १९ बाइट लिहिले की उरलेल्या ३७ साठी एकच निरोप पुरतो: १९ मागे जा, ३७ लिही. पण मागे आहेत तर १९ च, मग ३७ आणायचे कुठून? उत्तर असं, की लिहिता लिहिताच ते तयार होतात. विसावा बाइट लिहिला की तोच पुढे वाचायला मिळतो. म्हणून इथे एकेक बाइट पुढच्या दिशेने कॉपी करावा लागतो. सी भाषेतलं मेमकॉपी इथे चालत नाही, आणि 'सुरक्षित' म्हणून ओळखलं जाणारं मेममूव्ह तर नक्कीच चुकीचं उत्तर देतं, कारण ते जुना मजकूर जपायला बघतं. आपल्याला नेमका नवा हवा असतो.

आमच्या निरोपात १ बिट खूण, १० बिट अंतर आणि ५ बिट लांबी (२ ते ३३), एकूण १६ बिट. सरळ बाइटला ९ बिट. म्हणजे वरचे ५६ बाइट १९ सरळ बाइट आणि दोन निरोपांत (३३ आणि ४) बसतात. २०३ बिट, २६ बाइट. वाईट नाही. पण मराठीवर इथे अन्याय होतोच. १,०२४ बाइटच्या खिडकीत इंग्रजीची हजारभर अक्षरं मावतात, आपली जेमतेम ३४१ चिन्हं. यावर उपाय सोपा आहे. युनिकोडमधला देवनागरीचा मूळ गट १२८ जागांचा. साधी इंग्रजी अक्षरं ० ते १२७ मध्ये राहू द्या, देवनागरी १२८ ते २५५ मध्ये बसवा आणि मगच दाबा. तेच तीन विठ्ठल आता २० बाइट होतात आणि ७ सरळ बाइट अधिक एका निरोपात, १० बाइटमध्ये मावतात!

तरी छोट्या संदेशाची अडचण राहते. सुरुवातीला खिडकी रिकामी, मागे बघायचं तर काय बघणार? म्हणून 'डावा कालवा', 'उजवा कालवा', 'आवर्तन सुरू' असे नेहमीचे शब्द फ्लॅशमध्ये ठेवून प्रत्येक संदेशाआधी खिडकीत भरायचे. झेडलिबमध्येही अशी सोय आहे. आलेलं अंतर आत्तापर्यंत भरलेल्या मजकुरापेक्षा जास्त असेल, तर संदेश फेकून द्यायचा.

सगळ्यात घातक प्रकार मात्र याने पकडला जात नाही. पाठवणाऱ्याकडे शब्दांची यादी एक आणि पाटीत दुसरी असेल, तर? आमच्या कोडात 'डावा' चार बाइट, 'उजवा' पण चारच. यादीत दोघांची अदलाबदल झालेली असेल तर अंतर वैध, लांबी वैध, शुद्धलेखनसुद्धा बिनचूक, आणि पाणी भलत्याच कालव्याला! रात्रीचं भरणं धरायला निघालेल्या शेतकऱ्याला हे केवढ्याला पडेल? दाबलेल्या पाकिटाचा सीआरसी इथे बरोबरच येतो, कारण पाकीट शाबूतच असतं. म्हणून सीआरसी उघडलेल्या मजकुरावर काढायचा. जीझिपसुद्धा मूळ मजकुराचाच सीआरसी-३२ आणि लांबी फाईलच्या शेवटी ठेवतं. आमचा संदेश खिडकीपेक्षा लहान, त्यामुळे वेगळी जागा लागत नाही. तो खिडकीतच थांबतो, सीआरसी जुळला तर पाटीवर जातो. नाही जुळला, तर पाटीवर जुना संदेश त्याच्या तारखेसकट तसाच राहतो.