यार्डातील रांग आणि वहीवाला विद्यार्थी



गेल्या गळीत हंगामात गेटाजवळ एक पोरगा वही घेऊन बसलेला आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिला असेल. 'हा कोण, सरकारी माणूस की काय?' अशी विचारणाही शेती ऑफिसात झाली. तो सरकारी माणूस नव्हता. आपल्याच एका सभासदाचा मुलगा, स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला शिकणारा. वाहतूक हा त्याचा खास विषय. कॉलेजच्या नियमाप्रमाणे सहा आठवडे प्रत्यक्ष कामावर काढावयाचे, त्याला इंटर्नशिप म्हणतात. त्याचे सोबती पुण्या-मुंबईस मेट्रो आणि उड्डाणपुलांच्या कामावर गेले, हा आपल्या यार्डात आला. खरे सांगायचे तर आम्हांला वाटले, याला दुसरीकडे जागा मिळाली नसेल. रस्ते शिकणाऱ्याला उसाच्या गाड्यांत काय सापडणार?

पहिले चार दिवस त्याने एकच काम केले. गाडी गेटातून आत आली की नंबर आणि वेळ लिहायची, गव्हाणीवर रिकामी झाली की पुन्हा वेळ लिहायची. रात्रपाळीला थंडीतही बसला. स्लिपबॉयांनी आधी थट्टा केली, मग चहा पाजला.

पाचव्या दिवशी त्याने हिशोब मांडला. यार्डात १,००० टन ऊस उभा आहे आणि गाळप तासाला १०० टन आहे असे धरा. म्हणजे गाडीला सरासरी दहा तास थांबणे आलेच. त्यात ओळख, वशिला, दमदाटी चालत नाही. एकाला पुढे घेतले की दुसरा तेवढाच मागे जातो. बँकेच्या खिडकीपासून बंदरातील जहाजांपर्यंत रांगेला हाच नियम लागतो, आणि जॉन लिटल या अमेरिकन प्राध्यापकाने तो १९६१ साली गणिताने सिद्ध केला आहे. आम्ही म्हणालो, "अरे, हे तर आमच्या गाडीवानालाही कळतं." तो म्हणाला, "साहेब, मग तुम्ही गाड्या का वाढवता?"

येथे आम्ही गप्प झालो.

कारण तक्रार आली की आपण तेच करतो. 'तोडीला गाडी नाही' म्हणून सभासद ऑफिसात येतात, बाचाबाची होते, आणि आम्ही आणखी दोन ट्रॅक्टर लावतो. गव्हाण मात्र तेवढाच ऊस खाते. वाढलेली गाडी ऊस लवकर गाळीत नाही, रांग लांबविते. उभा असता तर फडात ताजा राहिला असता असा ऊस तुटून यार्डात वाळतो. काटा रांगेच्या पुढच्या टोकाला आहे, तेव्हा वाळलेले वजन गेले ते सभासदाचे. उतारा घटतो तो सर्वांचाच.

दुसरी गोष्ट वहीतून निघाली ती आमच्या खात्याला जास्त झोंबणारी आहे. गाळप चोवीस तास सारखे चालते, गाड्या मात्र सारख्या येत नाहीत. सगळ्या गटांत तोड पहाटे धरतात, दुपारी भरणी होते, आणि दिवेलागणीपासून गेटावर एकच झुंबड उडते. उलट सकाळी यार्ड ओस पडते, एखादे दिवशी 'नो केन' होऊन गाळप थांबतेही. म्हणजे एकाच दिवसात रांगही आणि टंचाईही! स्लिपा सगळ्यांना एकाच वेळी देण्याची पद्धत आमचीच. गव्हाणीला नावे ठेवीत होतो ती उगाच.

मग जवळच्या गटांना तोड उशिरा धरावयास सांगावी असे ठरले. मुकादमांनी हरकत घेतली. अंधारात मोळ्या बांधायच्या, बायाबापड्यांनी रात्री फडात राबायचे, हे होणार नाही म्हणाले. त्यांचे बरोबर होते. म्हणून येत्या हंगामात फक्त ट्रॅक्टरच्या जवळच्या टोळ्यांना दुपारची तोड आणि उजेडातच भरणी, एवढेच करून पाहणार आहोत. त्याने रांग निम्मी होईल असे आम्ही म्हणत नाही.

शेवटच्या आठवड्यात पोरगा रस्त्यावर हिंडला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० सालच्या कोष्टकात खेड्यातील रस्त्यावर मोटार १ धरली, तर ट्रक ३, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार आणि बैलगाडी ८ धरतात. बैलगाडी आकाराने लहान, पण तिच्या संथ चालीने मागची सगळी वाहतूक अडते. हे सांगत असतानाच त्याने कबूल केले की आदल्या रात्री तो स्वतः मोटारसायकलवरून एका उभ्या ट्रॉलीवर आदळता आदळता वाचला. ट्रॉलीला रिफ्लेक्टर होता. लोंबणाऱ्या वाढ्यांनी तो झाकला होता.

तेव्हा भरणी झाल्यावर मागची वाढी कोयत्याने छाटून रिफ्लेक्टर उघडा ठेवावा. बैलगाडीच्या साट्याला मागून रेडियमची पट्टी मारावी. ट्रॉली बंद पडली तर रस्त्यावर दगड लावून निघून जाऊ नये, आणि निघताना ते दगड उचलावेत. ट्रॉली आपली नसली तरी ऊस आपला असतो, म्हणून गाडी फडातून निघताना सभासदाने स्वतः एकदा मागे जाऊन पाहावे.

— ऊस विकास अधिकारी