स्वनिर्मित ध्वनी केबल

स्वनिर्मित ध्वनी केबल म्हणजे बाजारात सुटी मिळणारी तार आणि सुटे जोडक यांपासून वापरणाऱ्याने स्वतः किंवा स्थानिक कारागिराने तयार केलेली, ध्वनिसंकेत वाहून नेणारी केबल होय. मायक्रोफोन, मिक्सर, अ‍ॅम्प्लिफायर आणि लाउडस्पीकर ही ध्वनिसंचाची प्रमुख अंगे अशा केबलींनी परस्परांना जोडलेली असतात. तयार केबलीच्या तुलनेत स्वनिर्मित केबल हव्या त्या लांबीची करता येते, तुटल्यास दुरुस्त करता येते आणि बहुधा स्वस्त पडते. मात्र तारेची वा जोडकाची निवड चुकल्यास आवाज खराब होतो, अ‍ॅम्प्लिफायर निकामी होतो आणि काही वेळा माणसाच्या जिवालाही धोका निर्माण होतो.

जालना जिल्ह्यातील वापर

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. मराठवाड्यातील इतर भागांप्रमाणे येथेही गावोगावी अखंड हरिनाम सप्ताह, काकडा, भजन आणि कीर्तन यांची परंपरा आहे. घनसावंगी तालुक्यातील जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव आणि भोकरदन तालुक्यातील राजूर येथील गणपती ही जिल्ह्यातील प्रसिद्ध तीर्थस्थाने होत. मोठ्या यात्रांमध्ये ध्वनियंत्रणेचे काम व्यावसायिक मंडप चालक पाहतात. परंतु लहान गावातील मंदिराचा संच बहुधा मंदिराचाच असतो. एक अ‍ॅम्प्लिफायर, दोन-तीन मायक्रोफोन आणि शिखराजवळ किंवा खांबावर बसविलेले भोंगे एवढेच त्याचे स्वरूप असते. त्याच्या केबली गावातील विजेची कामे जाणणारी व्यक्ती तयार करते.

अशा संचात तारेपुढील अडचणी घरातील संगीतसंचापेक्षा वेगळ्या असतात. अ‍ॅम्प्लिफायर गाभाऱ्याशेजारील खोलीत आणि भोंगा पन्नास-साठ मीटर दूर असू शकतो. उन्हाळ्यात तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते, धूळ असते, उंदीर तार कुरतडतात आणि सप्ताहाच्या सात दिवसांत केबलीवरून शेकडो पावले जातात. कीर्तनात शब्दाला महत्त्व असल्याने संगीताच्या कार्यक्रमात खपून जाणारी खरखर येथे श्रोत्याला अर्थापासून तोडते.

संकेतानुसार तारेची निवड

ध्वनिसंचात दोन अगदी भिन्न प्रकारचे विद्युत संकेत असतात. मायक्रोफोनमधून येणारा संकेत काही मिलिव्होल्ट एवढाच असतो. त्यात प्रवाह नगण्य असतो. अ‍ॅम्प्लिफायरमधून लाउडस्पीकरकडे जाणाऱ्या संकेतात मात्र कित्येक अँपिअर प्रवाह असू शकतो. पहिल्याला बाहेरील विद्युत गोंगाटापासून संरक्षण हवे असते, तर दुसऱ्याला जाड तांबे हवे असते. या दोहोंची अदलाबदल ही स्वनिर्मित केबलींतील सर्वांत सामान्य चूक होय. मायक्रोफोनला साधी दुपदरी तार जोडली तर घरातील वायरिंगचा ५० हर्ट्‌झचा आवाज तीत शिरतो. लाउडस्पीकरला मायक्रोफोनची बारीक केबल जोडली तर शक्ती तारेतच उष्णतेच्या रूपाने वाया जाते.

मायक्रोफोनची केबल

मायक्रोफोनच्या केबलीत आतील एक किंवा दोन तारांभोवती धातूचे कवच असते. हे कवच तीन प्रकारे केलेले असते: विणलेली जाळी, एकाच दिशेने गुंडाळलेल्या बारीक तारा, किंवा अ‍ॅल्युमिनियमची पातळ पन्नी. पन्नी आतील तारांना पूर्णपणे झाकते. परंतु वारंवार गुंडाळल्याने तिला भेगा पडतात, म्हणून ती भिंतीतून कायमस्वरूपी नेलेल्या केबलीलाच योग्य ठरते. रोज उलगडल्या जाणाऱ्या केबलीसाठी दाट विणीची जाळी उत्तम. स्वस्त केबलीत जाळी इतकी विरळ असते की बाहेरील आवरण सोलताच आतील तार तिच्यातून स्पष्ट दिसते. खरेदीपूर्वी टोक सोलून पाहणे ही सोपी परीक्षा आहे आणि दुकानदार सहसा तिला हरकत घेत नाहीत.

केबलीची दुसरी महत्त्वाची राशी म्हणजे धारिता. आतील तार आणि कवच मिळून एक लांबट धारित्र बनते. सामान्य केबलीत त्याचे मूल्य दर मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड धरता येते. उगमाचा रोध जास्त असेल तर ही धारिता उच्च वारंवारतेचे स्वर गिळते. १० किलोओहम उगमरोधाला अशी १० मीटर केबल जोडल्यास सुमारे १६ किलोहर्ट्‌झच्या वरचे स्वर क्षीण होतात. ३० मीटर केबलीत ही मर्यादा सुमारे ५.३ किलोहर्ट्‌झपर्यंत खाली येते आणि ‘स’, ‘श’ यांसारख्या वर्णांची धार जाते. याउलट २०० ओहम रोधाच्या डायनॅमिक मायक्रोफोनला १०० मीटर केबल जोडली तरी ही मर्यादा सुमारे ८० किलोहर्ट्‌झवर, म्हणजे मानवी श्रवणकक्षेच्या बरीच बाहेर राहते. लांब अंतरासाठी कमी रोधाचा मायक्रोफोन वापरण्याचे कारण हेच होय.

कवच असलेली एकच तार म्हणजे असंतुलित जोडणी. कवचाच्या आत दोन तारा असतील तर संतुलित जोडणी करता येते. तीत बाहेरील गोंगाट दोन्ही तारांत जवळजवळ सारखाच शिरतो. मिक्सर दोन तारांतील फरक तेवढा उचलतो, त्यामुळे समान असलेला गोंगाट वजा होतो आणि मायक्रोफोनचा संकेत उरतो. पाच-सहा मीटरपेक्षा लांब मायक्रोफोन केबलीसाठी संतुलित जोडणीच योग्य आहे. कृषिपंपाची मोटर सुरू होताना भोंग्यात उठणारी ‘टक्’ अशा जोडणीने पुष्कळ कमी होते.

लाउडस्पीकरची तार

लाउडस्पीकरच्या तारेला कवचाची गरज नसते. पाहायचे असते ते तांब्याचे क्षेत्रफळ. एक चौरस मिलिमीटर क्षेत्रफळाच्या एक मीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०१७२ ओहम असतो. प्रवाह जातो आणि परत येतो, म्हणून हिशेबात लांबी दुप्पट धरावी लागते.

भारतीय बाजारात लवचीक तारेचे जुने इंच-मापावर आधारलेले नाव अजून रूढ आहे. ‘तेवीस-छिहत्तर’ म्हणजे ०.००७६ इंच व्यासाचे २३ तंतू असलेली तार. तिचे क्षेत्रफळ सुमारे ०.६७ चौरस मिलिमीटर भरते. याच रीतीने ‘चौदा-छिहत्तर’ सुमारे ०.४१, ‘चाळीस-छिहत्तर’ सुमारे १.१७ आणि ‘सत्तर-छिहत्तर’ सुमारे २.०५ चौरस मिलिमीटर होते. घरात दहा मीटरवरील ८ ओहमच्या स्पीकरला चाळीस-छिहत्तर पुरेशी आहे. तारेचा एकूण रोध स्पीकरच्या रोधाच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवावा, असा ढोबळ संकेत आहे. वरील उदाहरणात तो सुमारे ०.२९ ओहम, म्हणजे ४ टक्क्यांच्याही आत येतो.

मंदिराच्या भोंग्याचा हिशेब निराळा निघतो. भोंगा ६० मीटर दूर असून तेवीस-छिहत्तर तार वापरली, तर जाऊन-येऊन १२० मीटर तारेचा रोध सुमारे ३.१ ओहम होतो. ८ ओहमच्या भोंग्यापर्यंत अशा वेळी तारेविना मिळाली असती त्याच्या जेमतेम निम्मी शक्ती पोहोचते. कानाला हा फरक निम्म्या आवाजाइतका वाटत नाही, केवळ ३ डेसिबेलचा असतो. पण तो भरून काढण्यासाठी अ‍ॅम्प्लिफायरचे बटण पुढे सरकवले की आवाज फाटू लागतो, आणि बोलण्यातले शब्द प्रथम त्यात हरवतात.

जाड तार हा यावरील एक उपाय. त्याहून चांगला उपाय १०० व्होल्ट लाइन हा आहे. सार्वजनिक सभेसाठी बनविलेल्या बहुतेक अ‍ॅम्प्लिफायरच्या मागील पट्टीवर ४, ८, १६ ओहमच्या शेजारी ७० व १०० व्होल्टची जोडणीस्थानेही असतात. भोंग्यालगत एक लहान ट्रान्सफॉर्मर बसवून १०० व्होल्टच्या जोडणीतून शक्ती पाठविल्यास तेवढ्याच शक्तीसाठी प्रवाह पुष्कळ कमी लागतो. ३० वॉटचा भोंगा या पद्धतीत तारेला ३३३ ओहमचा दिसतो, म्हणून वरील ३.१ ओहमच्या तारेत एक टक्काही शक्ती वाया जात नाही. मात्र १०० व्होल्ट हा धक्का देणारा दाब आहे. सांधे उघडे ठेवता येत नाहीत आणि तार घरगुती वायरिंगला साजेशा विसंवाहक आवरणाची असावी लागते. ट्रान्सफॉर्मर नसलेला भोंगा १०० व्होल्टला जोडल्यास त्याची कॉइल जळते.

तार खरेदी करताना तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार ओळखणे आवश्यक असते. अ‍ॅल्युमिनियमची विद्युत संवाहकता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के असल्याने, वरून तांबूस दिसणारी ही तार त्याच जाडीत अधिक रोध देते, वाकवल्यास लवकर तुटते आणि तिच्यावर सोल्डर नीट बसत नाही. तंतू ब्लेडने खरवडल्यास आत पांढरा धातू दिसतो. कथिलाचा थर दिलेले खरे तांबेही वरून पांढरे असते, पण ते खरवडल्यावर आत लाल निघते. ‘ऑक्सिजनमुक्त’ तांब्याची जाहिरात पुष्कळ होते; त्याचा रोध साध्या विद्युत तांब्यापेक्षा फार तर एखाद्या टक्क्याने कमी असतो, त्यासाठी दुप्पट पैसे मोजण्यापेक्षा एक माप जाड तार घेणे शहाणपणाचे.

जोडक

६.३५ मिलिमीटरचा जोडक १९व्या शतकातील टेलिफोन एक्सचेंजमधून आला. भारतीय बाजारात तो ‘पी-३८’ या नावाने मिळतो आणि मंदिरांतील बहुतेक अ‍ॅम्प्लिफायरवर मायक्रोफोनसाठी हाच असतो. टोक आणि दांडा असे दोनच भाग असलेला जोडक असंतुलित, तर मध्ये आणखी एक कडे असलेला तीन भागांचा जोडक संतुलित एकपदरी किंवा असंतुलित स्टिरिओ जोडणीसाठी वापरतात. आरसीए जोडक १९३० च्या दशकात रेडिओ कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीने प्रचारात आणला. तो मिक्सर व संगणकासारख्या जवळच्या उपकरणांसाठी ठीक आहे, मात्र खेच बसल्यास निघून येतो.

संतुलित मायक्रोफोनसाठी एक्सएलआर हा तीन पिनांचा, खटक्याने अडकणारा जोडक प्रमाण मानला जातो. अमेरिकेतील कॅनन कंपनीने तो विकसित केल्यामुळे कारागीर त्याला ‘कॅनन पिन’ असेही म्हणतात. पिन १ ला कवच, पिन २ ला धन तार आणि पिन ३ ला ऋण तार जोडतात. दोन्ही टोकांस हा क्रम एकच ठेवावा लागतो. एका मायक्रोफोनमध्ये २ व ३ उलट झाल्यास जवळ ठेवलेल्या दोन मायक्रोफोनचे आवाज एकमेकांना मारतात. पखवाजाला लावलेला मायक्रोफोन एकटा चांगला आणि गायकाच्या मायक्रोफोनसोबत पोकळ वाटत असेल, तर प्रथम हीच शंका घ्यावी. एक्सएलआर मायक्रोफोन पी-३८ च्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडताना पिन २ टोकाला आणि १ व ३ एकत्र दांड्याला जोडतात. अशी केबल मिक्सरच्या ४८ व्होल्ट फँटम पुरवठ्यावर वापरू नये.

लाउडस्पीकरसाठी पी-३८ टाळावा. आत सरकताना त्याचे टोक क्षणभर अ‍ॅम्प्लिफायरला लघुपथित करू शकते. लिख्टेनस्टाइनमधील न्यूट्रिक कंपनीने १९८७ मध्ये आणलेला स्पीकॉन हा फिरवून घट्ट बसणारा, धातू उघडा न ठेवणारा जोडक या कामासाठीच आहे. काही ठिकाणी स्पीकरच्या केबलीला घरगुती विजेची दोन पिनांची पिन लावण्याची पद्धत आढळते. ती स्वस्त असली तरी अत्यंत घातक आहे, कारण अंधारात किंवा गर्दीत कोणीतरी ती २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये घालते.

सोन्याचा मुलामा गंजत नाही, परंतु पातळ असल्याने वारंवार काढघाल केल्यास झिजतो. धुळीच्या ठिकाणी निकेलचा जोडक कापडाने पुसून वर्षानुवर्षे चालतो. खरा फरक मुलाम्यापेक्षा मागील बाजूच्या पकडीत असतो. केबल ओढली जाते तेव्हा ताण बाहेरील आवरणावर यावा, झाळलेल्या सांध्यावर नव्हे. बहुतेक केबली मध्ये तुटत नाहीत, जोडकाच्या तोंडाशी तुटतात.

झाळकाम

सांध्यासाठी रोझिनयुक्त सोल्डर आणि सुमारे २५ वॉटचे सोल्डरिंग आयर्न पुरते. ६३ टक्के कथिल व ३७ टक्के शिसे असलेले सोल्डर १८३ अंश सेल्सिअसला वितळते. आधी तार व जोडकाचा कप या दोहोंवर सोल्डरचा पातळ थर चढवतात आणि मग ती एकत्र तापवतात. सांधा निवेपर्यंत तार हलली तर तो खडबडीत होतो आणि पुढे खरखरतो. टोपण किंवा नळी आधी केबलीत ओवायची राहिली, तर सगळे काम उकलून पुन्हा करावे लागते. हा अनुभव बहुतेक कारागिरांना एकदा तरी येतोच. शिसे असलेले सोल्डर हाताळल्यावर हात धुणे आणि काम हवेशीर जागी करणे आवश्यक आहे.

हमिंग आणि अर्थिंग

अनेकदा केबल निर्दोष असूनही भोंग्यात ‘हमिंग’ ऐकू येते. मिक्सर एका सॉकेटवर आणि अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्या दूरच्या सॉकेटवर असला की त्यांचे अर्थिंग आणि केबलीचे कवच मिळून एक बंद वेढा तयार होतो व त्यातून ५० हर्ट्‌झचा प्रवाह वाहतो. सर्व उपकरणे एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घेतल्यास तो बहुधा नाहीसा होतो. न झाल्यास दोन उपकरणांच्या दरम्यान विलगक ट्रान्सफॉर्मर बसवतात. दोन्ही उपकरणे संतुलित असतील तर कवच फक्त एका टोकाला जोडूनही भागते. असंतुलित केबलीत मात्र कवच हीच परतीची वाट असल्याने ते तोडता येत नाही.

तीन पिनांच्या प्लगमधील अर्थिंगची पिन काढून टाकल्यानेही आवाज थांबतो, आणि म्हणूनच हा उपाय पसरला आहे. परंतु अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बिघाड झाल्यास त्याच्या धातूच्या पेटीवर २३० व्होल्ट येतात; मायक्रोफोनच्या केबलीचे कवच त्या पेटीलाच जोडलेले असते. मायक्रोफोनची धातूची नळी हातात धरून, अनवाणी, पुसलेल्या ओल्या फरशीवर उभा असलेला कीर्तनकार अशा वेळी थेट विजेच्या मार्गात येतो. अर्थिंग खंडित करणे कोणत्याही परिस्थितीत मान्य नाही.

तपासणी

तयार केबल मल्टिमीटरने तपासतात. प्रत्येक पिनेपासून दुसऱ्या टोकाच्या त्याच पिनेपर्यंत सलगता असावी आणि कोणत्याही दोन पिनांमध्ये ती नसावी. असंतुलित रूपांतर-केबलीतील मुद्दाम जोडलेल्या १ व ३ या पिना त्याला अपवाद. मापन चालू असताना दोन्ही जोडकांजवळ केबल हळूहळू वाकवून पाहतात, कारण अर्धवट तुटलेली तार स्थिर असताना नेहमी चांगलीच दिसते. लांबी आणि प्रकार टोकाशी चिकटपट्टीवर लिहून ठेवल्यास स्पीकरची आणि मायक्रोफोनची केबल घाईत बदलत नाही. साठवताना केबल कोपरावर पीळ देऊन न गुंडाळता सैल वेटोळ्यात ठेवतात, आणि उंदरांचा उपद्रव असेल तेथे पत्र्याच्या पेटीत.