फोटो, मापं आणि जन्माचा शिक्का

मंडळी, आज आपण एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू. सरकारला हवा असलेला माणूस हाच, हे ठरवायचं कसं? एकोणिसाव्या शतकातले बंडखोर आणि पोलिसांचा कॅमेरा यांची गाठ याच प्रश्नावर पडली.

नानासाहेब पेशव्यांचं उदाहरण घेऊ. १८५७ च्या उठावानंतर त्यांच्यावर एक लाख रुपयांचं इनाम लागलं. पण लंडनच्या सचित्र साप्ताहिकात त्यांचं म्हणून छापलेलं चित्र मेरठच्या भलत्याच गृहस्थाचं निघालं! पुढे १८७४ साली शिंदे सरकारने ग्वाल्हेरला एकाला नानासाहेब म्हणून धरून इंग्रजांच्या हवाली केलं. त्याला कानपूरला नेऊन जुन्या ओळखीच्या माणसांना दाखवलं. शेवटी तोही दुसराच ठरला.

मग फोटो काढून ठेवले की झालं? तसंही नाही. १८७१ मध्ये पॅरिस कम्यूनचा उठाव चिरडल्यावर तिथल्या कैद्यांचे फोटो काढले गेले. त्याच वर्षी इंग्लंडमध्येही कैद्यांच्या फोटोंसाठी कायदा झाला. फोटोंचे ढीग लागले आणि नवी अडचण उभी राहिली. पकडलेला माणूस खोटं नाव सांगतो. आता हजारो फोटोंतून त्याचा चेहरा शोधायचा कसा? चेहरे काही बाराखडीच्या क्रमाने लावता येत नाहीत.

पॅरिस पोलिसांतल्या बर्तियाँ नावाच्या कारकुनाने तोड काढली. डोकं, मधलं बोट, पाऊल यांची मापं घ्यायची, कारण आकडे कप्प्यांत लावता येतात. १८९२ मध्ये बॉम्बस्फोट करणारा अराजकवादी राव्हाशोल म्हणजे जुना गुन्हेगार केनिग्स्टाइन, हे या मापांवरूनच पटलं. १८९७ मध्ये कलकत्त्याला बोटांच्या ठशांचं कार्यालय निघालं आणि मग मापंही मागे पडली.

आपल्याकडे वासुदेव बळवंत फडक्यांचा जो प्रसिद्ध फोटो आपण पाहतो, तो १८७९ च्या अटकेनंतरचा. म्हणजे कॅमेऱ्याने त्यांना पकडून दिलं नाही. पकडलेल्या माणसाची नोंद केली.

पण ही सगळी एकेका माणसाची ओळख झाली. त्याच १८७१ साली हिंदुस्थानात गुन्हेगार जमातींचा कायदा आला. त्याला चेहरा पाहायची गरजच नव्हती. जमात जाहीर झाली की नाव रजिस्टरात, पोलिसांकडे हजेरी, हिंडण्याफिरण्यावर बंदी. आधी उत्तरेत, मग १९११ च्या कायद्याने सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात. फडके असोत की राव्हाशोल, त्यांनी काय केलं हे सरकारला कोर्टात सांगावं लागलं. पारध्याच्या पोराचा जन्म हाच त्याच्याविरुद्धचा पुरावा होता.

३१ ऑगस्ट १९५२ ला हा शिक्का कायद्याने पुसला. पण आपल्या यवतमाळ जिल्ह्यातल्या एखाद्या पारधी बेड्यावर जाऊन विचारा, लोकांच्या नजरेतून तो पुसला गेला का? २०२२ च्या नव्या कायद्याने पोलिसांना डोळ्यांच्या बुबुळांचीही नोंद घेता येते. साधनं बदलली. आपण विचारायचं ते एवढंच: संशय माणसाच्या कृत्यावर आहे, की त्याच्या जन्मावर?